आल्प्सच्या गावात पाऊस आणि बर्फ मोजायचा कसा

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावात वर्षभरात जेमतेम ६५० मिलिमीटर पाणी पडतं. पाऊस आणि वितळवलेला बर्फ, दोन्ही मिळून. म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. समोर मॅटरहॉर्नचं शिखर, घरांच्या छपरांवर चार-पाच महिने बर्फ, आणि आकडा पुण्याच्या खाली, हे पटकन पचत नाही.

कारण गाव कुठे बसलंय त्यात आहे. उंची १६०८ मीटर, पण चारी बाजूंना चार हजार मीटरच्या रांगा. उत्तरेला बर्नचे आल्प्स, दक्षिणेला मोन्टे रोझापासून मॅटरहॉर्नपर्यंतची भिंत, पूर्वेला मिशाबेल, पश्चिमेला वाइसहॉर्न. वारा कुठूनही आला तरी ओलावा आधी बाहेरच्या उतारावर सांडतो. कोकणातून चढलेला ढग महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर ओततो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला पोचेपर्यंत सात-आठशेवर येतो, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. झरमॅटला दोन्ही अंगांना महाबळेश्वर आहे आणि ते स्वतः मधली वाई आहे.

त्याच दरीत खाली श्टाल्डनजवळ ५५० च्या आसपासच पडतो. स्वित्झर्लंडमधल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी ती एक. झरमॅटपासून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर, आल्प्सच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या लोकार्नोत १९०० च्या आसपास. उत्तर कडेवरच्या सेंटिस शिखरावर (२५०२ मीटर) सुमारे २८००. शेजारच्या दरीचा आकडा उसना घेऊन आपल्या दरीचं भाकीत करायला गेलं की फसगत ठरलेली. आपल्या अंगणात मोजलेलाच आकडा खरा, आणि तोही वाऱ्याची दिशा आणि उंची सोबत लिहिली तरच. नोकरी-शिक्षणासाठी अशा गावात निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढणाऱ्याला हे मोजमाप घरच्या सामानात नीट करता येतं.

डबा आणि वजनकाटा

जर्मनी-स्वित्झर्लंडमधल्या हवामान खात्यांचं जुनं पर्जन्यमापक म्हणजे हेलमन. त्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं, व्यास जवळपास १६ सेंटिमीटर. हे माप उगीच नाही. २०० चौरस सेंटिमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर २० मिलिलिटर पाणी, म्हणजे २० ग्रॅम. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा असेल तर मोजपट्टीची नळी लागतच नाही.

डबा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. बाजू अगदी सरळ उभ्या हव्यात, वरून खाली निमुळत्या नकोत. खोली किमान २५ सेंटिमीटर, नाहीतर आत पडलेला बर्फ वाऱ्याने उडून बाहेर जातो. आणि काठ पातळ हवा. जाड, गोल काठावर आपटलेला थेंब आत जाईल की बाहेर याचा भरवसा नसतो. स्टीलचा उंच डबा चालतो. ड्रेनेजचा १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ३० सेंटिमीटर कापून खाली टोपण बसवलं तरी झकास काम होतं. मात्र १६० हा बाहेरचा व्यास असतो. आतला मोजूनच हिशेब करावा. सूत्र सोपं आहे: आतल्या व्यासाचा (सेंटिमीटरमध्ये) वर्ग गुणिले ०.०७८५, म्हणजे एका मिलिमीटरचे ग्रॅम. १६ सेंटिमीटरला २०.१ ग्रॅम, १८ ला २५.४, २० ला ३१.४. डब्याला बाहेरून पांढरा रंग द्यावा. ते पाइप बहुधा केशरी किंवा करडे असतात. उन्हात तापतात आणि आतलं पाणी सुकवून टाकतात.

असे दोन सारखे डबे करावेत. सकाळी भरलेला डबा टोपण लावून घरात आणायचा आणि रिकामा, कोरडा त्याच्या जागी ठेवायचा. बर्फ पडत असताना बाहेर उभं राहून वजन करण्याचा खटाटोप वाचतो. आणलेल्या डब्याच्या बाहेरची बाजू आणि बूड पुसून मगच काट्यावर ठेवावा; बुडाला चिकटलेला चमचाभर बर्फही अर्धा मिलिमीटर खोटा दाखवतो.

वजन करण्याचा मोठा फायदा म्हणजे बर्फ वितळवावा लागत नाही. पाणी ओतून मोजलं की थोडं भांड्याच्या भिंतीला चिकटून राहतं, दर खेपेला ०.१ ते ०.३ मिलिमीटर. वर्षाला शंभरेक वेळा मोजलं की झरमॅटसारख्या कोरड्या गावात त्याचे वीस-पंचवीस मिलिमीटर सहज होतात, म्हणजे अर्ध्या महिन्याचा पाऊस.

उन्हाळ्यात डब्यात फनेल हवंच. दुपारच्या कोरड्या वाऱ्यात उघड्या डब्यातून दिवसाला मिलिमीटरभर पाणी सहज उडून जातं आणि इथल्या सरी बऱ्याचदा तेवढ्याच असतात. फनेल काठाच्या आत घट्ट बसावं. थंडी सुरू झाली की ते काढून टाकायचं, कारण बर्फ त्यात टोपीसारखा साठतो आणि पुढचा सगळा बाहेर घसरतो. त्याच्या जागी पत्र्याच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींत अडकवून डब्यात उभ्या ठेवाव्यात. डब्यात फिरणारा वारा मोडतो आणि बर्फ तळाशी बसतो. रिकाम्या डब्याचं वजन या फुलीसकट करावं.

जागा

डब्याचा काठ जमिनीपासून दीड मीटर उंच, खांबावर घट्ट, आणि पाणसळ लावून सपाट. उतारावर अंगण असलं तरी काठ आडवाच हवा. उताराला समांतर ठेवायचा मोह टाळावा. हिवाळ्यात साठलेल्या बर्फापासून काठ निदान मीटरभर वर राहील असा खांब वाढवता आला पाहिजे.

घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर डबा ठेवावा असं नियम सांगतो. दाट गावात हे जमणं कठीण. जमत नसेल तर उघड्या माळापेक्षा लार्चच्या झाडांनी वेढलेली, वारा मंद असलेली मोकळी जागा पत्करावी. बर्फाच्या बाबतीत वारा हा आडोशापेक्षा मोठा शत्रू आहे. उघड्या खिंडीत किंवा कड्यावर डब्यात खऱ्या बर्फाच्या निम्माच येतो, कधी त्याहून कमी. काठावरून जाणारा वारा वर उचलला जातो आणि हलके स्फटिक त्याच्याबरोबर डब्यावरून निघून जातात. पावसाचा थेंब जड असतो, म्हणून पावसात ही तूट काही टक्क्यांचीच असते.

छपराखालची जागा तर नकोच. ऊन पडलं की छपरावरचा सगळा थर एकदम घसरतो आणि डब्यासकट खांब आडवा करतो. रस्त्याकडची जागाही नको, कारण बर्फ उडवणारं यंत्र सकाळी सहाला रस्ता साफ करताना त्याचा फवारा दहा मीटरवर टाकतं. कोरड्या थंडीत डब्यात अचानक राखाडी, खडीमिश्रित बर्फ दिसला तर तो आभाळातून आलेला नाही.

फळी

खऱ्या हिवाळ्यात डब्यापेक्षा फळीवर जास्त विश्वास ठेवावा. प्लायवुडचा ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा, जाडी सेंटिमीटरभर, दोन हात पांढरा ऑइलपेंट, आणि कडेला पट्टीसारखी उभी सेंटिमीटरच्या खुणांची काठी. बर्फ मुरमुऱ्यांसारखा भुसभुशीत पडला की फळी दिसेनाशी होते, म्हणून ही काठी मीटरभर तरी उंच हवी.

कृती अशी. सकाळी ठरलेल्या वेळी फळीवरचा नवा बर्फ तीन जागी मोजून सरासरी घ्यायची. मग रिकामा डबा उपडा करून फळीपर्यंत सरळ दाबायचा, भोवतीचा बर्फ हाताने बाजूला सारायचा, डब्याच्या तोंडाखाली पातळ पत्रा सरकवायचा आणि सगळं उलटं करून वजन करायचं. नंतर फळी झाडून आजूबाजूच्या बर्फाच्या पातळीला येईल अशी पुन्हा ठेवायची, ना खड्ड्यात, ना उंचवट्यावर.

फळी दिवसातून एकदाच झाडावी. दर सहा तासांनी झाडून सगळे आकडे बेरजेला घेतले की बर्फ उगीच जास्त दिसतो, कारण पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दबत असतो आणि तुम्ही त्याला दबायला वेळच देत नाही. हॉटेलांच्या फलकांवरचे भारी आकडे बऱ्याचदा असेच तयार होतात.

एका सकाळचा हिशेब पाहू. डबा फुलीसकट रिकामा ४१२ ग्रॅम, भरलेला ७३८. फरक ३२६, भागिले २०.१, म्हणजे १६.२ मिलिमीटर. फळीवर २४ सेंटिमीटर नवा बर्फ. फळीवरून कापलेल्या बर्फाचं वजन ३६२ ग्रॅम, म्हणजे १८.० मिलिमीटर. डब्याने दहा टक्के कमी पकडलं, वहीत १८.० लिहायचं. घनताही लगेच निघते: १८ मिलिमीटर भागिले २४ सेंटिमीटर, दर सेंटिमीटरला ०.७५ मिलिमीटर, म्हणजे घनमीटरला ७५ किलो. थंड, कोरडा, फुंकरीने उडेल असा बर्फ.

एक सेंटिमीटर बर्फ म्हणजे एक मिलिमीटर पाणी, हा सगळीकडे सांगितला जाणारा हिशेब १०० किलोच्या घनतेसाठी खरा आहे. उणे दहाच्या थंडीत पडलेला ५० ते ७० किलोचा असतो, शून्याजवळचा ओला १५० ते २००, वाऱ्याने ठासलेला २०० ते ३००, आणि एप्रिल-मेमधला जुना, दाणेदार ४०० ते ५००. त्यामुळे "काल अर्धा मीटर पडला" या वाक्यात पंचवीस मिलिमीटर पाणीही असू शकतं आणि शंभरही.

फळी आणि डबा यांच्यात तीस टक्क्यांहून जास्त फरक आला तर आधी फळी तपासावी. वाऱ्याने ती उघडी केली असेल किंवा तिच्यावर लाट रचली असेल. तसं दिसलं तर आसपासच्या पाच जागी काठी खुपसून नव्या बर्फाची जाडी घ्यावी, सरासरी काढावी आणि वहीत "वारा" असा शेरा मारावा. एकूण साठलेल्या बर्फासाठी वेगळी, न हलणारी खुणेची काठी असावी आणि तिच्याभोवती कुणी चालू नये. पायाखाली दबलेला बर्फ मग महिनाभर खोटं बोलतो.

विकतची यंत्रं

घरगुती हवामान-यंत्रांत बहुधा ०.२ मिलिमीटर भरलं की उलटणारी चिमुकली वाटी असते. उन्हाळ्यात ती बरी. मुसळधार सरीत वाटी उलटेपर्यंत पाणी सांडतं आणि आकडा कमी येतो, हे धरून चालावं. हिवाळ्यात मात्र तिची गंमत असते: रात्रभर बर्फ पडतो, यंत्र शून्य दाखवतं, आणि दुसऱ्या दिवशी निळ्याभोर आकाशाखाली दुपारी बारा वाजता ते ताशी ६ मिलिमीटर पाऊस नोंदवतं. फनेलमधला बर्फ वितळलेला असतो, इतकंच. तापवणारं यंत्र घेतलं तर हलका बर्फ वाटीत पोचण्याआधीच वाफ होऊन जातो. त्याचा उपयोग एकच: पाऊस कधी सुरू झाला आणि ताशी किती पडला हे कळतं. रोजची बेरीज डब्यावरूनच घ्यावी.

रडारही तसंच. स्वित्झर्लंडमध्ये हवामानाची पाच रडार आहेत, त्यातलं प्लेन मोर्टचं जवळपास तीन हजार मीटरवर, खास वालेच्या (झरमॅट ज्या प्रांतात आहे त्या) दऱ्यांवर नजर ठेवायला. तरी खोल दरीच्या तळाशी काय पडतंय ते उंच रांगांआड झाकलं जातं. रडारवर स्वच्छ आणि अंगणात भुरभुर, असं होतच राहतं.

जिथे रोज कुणी जाऊ शकत नाही तिथे, म्हणजे हिमनद्यांच्या काठाशी, हवामान खातं वर्षानुवर्षं एक मोठी टाकी ठेवत आलं आहे. आत कॅल्शियम क्लोराइडचं पाणी, म्हणजे पडलेला बर्फ विरघळतो आणि गोठत नाही. वर तेलाचा थर, म्हणजे वाफ होत नाही. वर्षातून एकदा, शरद ऋतूत, मोजायची. साधी आणि हुशार युक्ती, पण घरी करून पाहू नये; ते पाणी झाडांना आणि धातूला वाईट.

पाऊस की बर्फ

दीड हजार मीटरवरच्या गावात ऑक्टोबर-नोव्हेंबरला आणि एप्रिल-मेला रोजचा प्रश्न हाच. हवामानाच्या अंदाजात शून्य अंशाची उंची दिलेली असते. बर्फ तिथे लगेच वितळत नाही, साधारण २०० ते ३०० मीटर आणखी खाली पोचतो. शून्याची उंची २००० सांगितली तर बर्फाची सीमा १७०० ते १८००. झरमॅटला पाऊस, पण गावाच्या वरच्या रीफेलआल्पला पांढरं.

हा हिशेब अरुंद दऱ्यांत मोडतो. वितळताना प्रत्येक किलो बर्फ हवेतून ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. दरी बंदिस्त, वारा पडलेला आणि बर्फाचा जोर तासन् तास टिकलेला असेल तर ती हवा गार होत होत पूर्ण शून्यावर येते आणि बर्फाची सीमा पाचशे मीटर, कधी त्याहूनही खाली उतरते. म्हणून झरमॅटच्याच दरीत खाली, सांक्ट निक्लाउसच्या अरुंद भागात ११०० मीटरवर कधी बर्फ आणि रुंद ऱ्होन खोऱ्यात त्याच वेळी पाऊस. अंदाज सांगणाऱ्याची चूक नसते; तो मोकळ्या हवेचं सांगत असतो.

नेमकं ठरवायला ओला पारा वापरावा. साध्या थर्मामीटरच्या टोकाला मलमलीचा एक पदर गुंडाळून पाण्याने भिजवायचा, सावलीत दोन-तीन मिनिटं वारा घालायचा आणि वाचायचं. आकडा अर्ध्या अंशाच्या खाली असेल तर बर्फ, दीडच्या वर असेल तर पाऊस, मधल्या पट्ट्यात दोन्हीची खिचडी. हवा ४ अंश पण आर्द्रता ५० टक्के असेल तर ओला पारा शून्याच्या आसपास येतो, आणि थर्मामीटरकडे बघून "आज बर्फ शक्य नाही" म्हणणारा तोंडघशी पडतो.

काय पडलं ते वहीत वेगळं लिहावं. साबुदाण्यासारखे पांढरे, अपारदर्शक, बोटाने चुरडणारे दाणे म्हणजे मऊ गारा. त्या वसंतातल्या थंड ढगांतून पडतात आणि पुढच्या बर्फाखाली बॉलबेअरिंगसारख्या राहतात, हिमस्खलनाच्या अभ्यासकांना त्यांची नोंद हवी असते. कडक, काचेसारखी ती खरी गार, उन्हाळी वादळातली. आणि वसंतात दक्षिणेच्या वाऱ्यासोबत बर्फ पिवळसर-तांबूस दिसला तर ती सहाराची धूळ. तारीख टिपून ठेवावी. काही आठवड्यांनी तोच थर वर उघडा पडला की ऊन जास्त शोषतो आणि खुणेच्या काठीवरचे आकडे भराभर उतरतात.

वारा कुठून

आकडे जमायला लागले की त्यांच्या शेजारी ढगांची दिशा लिहायची. धूर किंवा झेंडा नाही, वरचे ढग पाहायचे. दरीतला वारा दिवसा वर चढतो आणि रात्री खाली उतरतो, त्याचा मोठ्या हवामानाशी संबंध असेलच असं नाही.

वायव्य वारा असला की बर्नच्या बाजूला ढग अडतात, तिकडे दिवसेंदिवस पडत राहतो आणि झरमॅटला उरलंसुरलं मिळतं: कोरडा, थंड, वाऱ्याने ढकललेला बर्फ, डब्यात पाच-दहा मिलिमीटर. दक्षिण किंवा नैर्ऋत्य वारा असला की चित्र उलटं. पो नदीच्या मैदानावरची ओलसर हवा इटलीच्या बाजूने वर चढते, तिकडे ओतते आणि इकडे कोरडी, उबदार होऊन उतरते. भूगोलाच्या पुस्तकातला फॉन वारा तो हाच. मॅटरहॉर्नच्या रांगेवर पांढऱ्या ढगांची भिंत बसलेली, गावात लख्ख ऊन, खिडक्या थडथडतायत. कोरडी हवा शंभर मीटर उतरली की जवळपास एक अंश तापते. एका रात्रीत दहा अंशांची उडी नवी नाही.

लक्ष ठेवायचं ते त्या भिंतीवर. ती जागेवर असेपर्यंत गाव कोरडं. तिची खालची कड उत्तरेकडे घसरायला लागली, उबदार वारा अचानक पडला आणि ओला पारा झपाट्याने उतरला, की दक्षिणेचा ओलावा रांग ओलांडून आत सांडतोय. जेनोवाच्या आखातावर कमी दाबाचं क्षेत्र बसलं की हे होतं. सिम्प्लोन आणि सास दरीला आधी, मग झरमॅटला. या कोरड्या गावाचे सगळ्यात मोठे आकडे अशाच दिवसांचे असतात. जानेवारी २०१८ मध्ये असाच बर्फ पडून रस्ता-रेल्वे दोन्ही बंद झाले आणि सुमारे १३,००० पर्यटक अडकले. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा तेच, ओल्या जड बर्फाने झाडं मोडली आणि वीज गेली. १४ ऑक्टोबर २००० ला सिम्प्लोनच्या दक्षिणेला गोंडो गावावर दरड कोसळून १३ माणसं गेली, तीही दक्षिणेच्या पावसातच.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. सकाळ स्वच्छ, अकराच्या सुमारास शिखरांवर कापसाचे पुंजके, दोन ते सहाच्या दरम्यान गडगडाट. पुंजके दहालाच फुलकोबीसारखे वर चढू लागले तर त्या दिवशी दुपारच्या आत कड्यावरून खाली असावं. अशा सरी इतक्या तुकड्या-तुकड्यांनी पडतात की गावाच्या एका टोकाला १५ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला रस्ता कोरडा. दोन्ही आकडे बरोबर असतात.

या सगळ्याची बेरीज महिन्यांत पाहिली तर झरमॅटचं वर्ष विलक्षण सपाट दिसतं. बहुतेक महिने साधारण ४० ते ७० मिलिमीटरच्या घरात, मे त्यातल्या त्यात ओला. जून ते सप्टेंबरात सगळं उरकणाऱ्या सह्याद्रीची सवय असलेल्याला इथे "पावसाळा कधी?" हा प्रश्नच सोडून द्यावा लागतो.

वही आणि घड्याळ

स्वित्झर्लंडचा पावसाचा दिवस सकाळी ०६ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) सुरू होतो. म्हणजे हिवाळ्याच्या घड्याळात सातला आणि उन्हाळ्याच्या घड्याळात आठला मोजायचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे सरकतं तेव्हा हे विसरलं की वही तासाभराने घसरते. दुसरी, जास्त महागात पडणारी चूक तारखेची. आपल्याकडे हवामान खातं सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेवर टाकतं. स्विस नोंदीत सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतचा पाऊस ज्या दिवशी मोजणी सुरू झाली त्या दिवसावर जातो. मंगळवारी सकाळी डब्यात सापडलेलं पाणी इथे सोमवारचं. आपली वही अधिकृत आकड्यांशी सतत एक दिवस सरकलेली दिसली तर डब्याला दोष देण्याआधी हे तपासावं.

पावसाचा दिवस कशाला म्हणायचं तेही वेगळं. इथे १ मिलिमीटर पुरतो, भारतात २.५ लागतो. वर्षाचे "पावसाळी दिवस" ताडून पाहायचे असतील तर आधी एकच पट्टी लावावी.

रकाने एवढेच: तारीख, डबा, फळीची जाडी, फळीचं पाणी, एकूण बर्फ, ओला पारा, ढगांची दिशा, शेरा. काही पडलं नाही त्या दिवशीही ०.० लिहावं. रिकामा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की तुम्ही गावात नव्हता, हे सहा महिन्यांनी कळत नाही.

आकड्यांचा उपयोग

छपरावरचा भार आधी. १ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरवर १ किलो. मीटरभर जाडीचा, ३०० किलो घनतेचा जुना थर म्हणजे चौरस मीटरला ३०० किलो. झरमॅटच्या जुन्या लाकडी घरांवर दगडी लाद्यांची छपरं असतात, ती मुळातच वजन पेलायला बांधलेली. शेड, गोठा, काचेची पडवी यांचं तसं नसतं. जाडी पाहून घाबरायचं किंवा निर्धास्त व्हायचं नाही. डब्याने कापून वजन करायचं. बर्फावर पाऊस पडला की जाडी उलट कमी होते आणि भार वाढतो, तेव्हा तर डोळ्यांवर अजिबात जाऊ नये.

हिमस्खलनासाठी तीन दिवसांच्या नव्या बर्फाची बेरीज पाहतात. ती मीटरच्या पुढे गेली की मोठी स्खलनं दरीच्या तळापर्यंत येऊ शकतात. फेब्रुवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रियातल्या गाल्ट्युरला लागोपाठच्या वादळांनी बर्फ रचला आणि २३ तारखेला १५८४ मीटरवरच्या गावातच ३१ जण मेले. पण बाहेर पडायचं की नाही हे स्वतःच्या वहीवरून ठरवू नये. हिवाळ्यात दावोसच्या हिम-हिमस्खलन संस्थेचं पत्रक रोज संध्याकाळी पाचला निघतं आणि सकाळी आठला सुधारलं जातं; धोक्याच्या पाच पायऱ्या त्यात असतात. तुमची वही एवढंच सांगते की पत्रकातला "३० ते ५० सेंटिमीटर" तुमच्या अंगणात खरा उतरला की नाही. पंधरा दिवस ताडून पाहिलं की आपली जागा सरासरीच्या वर आहे की खाली हे कळतं, आणि पुढचं पत्रक वाचताना तेवढी दुरुस्ती मनात करता येते.

नदीचा हिशेब मात्र पावसाशी जुळेलच असं नाही. झरमॅटमधून वाहणारी मॅटरफिस्पा सगळ्यात जास्त फुगते ती बऱ्याचदा कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी संध्याकाळी, कारण तेव्हा वरच्या हिमनद्या वितळलेल्या असतात. त्यात वरती बर्फ शिल्लक असताना पाऊस आला की दोन्ही पाणी एकत्र येतं. २१ जून २०२४ ला नदी काठाबाहेर आली आणि गावाचा संपर्क तुटला तो असाच. शिवाय झरमॅटच्या ओढ्यांचं पाणी जलविद्युतसाठी वळवलेलं आहे, आणि कोरडं दिसणारं पात्र आभाळ निरभ्र असतानाही भरू शकतं. काठावर तसे इशारे देणारे फलक असतात. डब्यात ०.० आहे म्हणून पात्रात उतरू नये.

वर्षाची कामं दोनच. ऑक्टोबरमध्ये लार्चच्या सुया सोनेरी होऊन गळायला लागल्या की फनेल दर दोन दिवसांनी उचलून पाहावं, नाहीतर सुयांच्या बोळ्याने ते तुंबतं आणि पाणी वरून उडून जातं. रात्रीचा पारा सलग उणे गेला की फनेल उतरवावं, फुली बसवावी, फळी रंगवून बाहेर काढावी. मे महिन्यात खुणेच्या काठीखाली माती दिसली की ती तारीख वहीत लिहावी, फुली काढावी आणि रिकाम्या डब्याचं वजन पुन्हा एकदा करावं. हिवाळाभर आपटून-धोपटून ते चार-पाच ग्रॅमने बदललेलं असतं.